पायरीवरचं पाणी

मनकर्णाची भाकरी तव्यावर पडली की फुगायची. साळूबाईचीही फुगायचीच, चाळीस वर्षं फुगत आली होती, पण तिचं कुणी कधी नाव काढलं नव्हतं. सून घरात येऊन सहा महिने झाले नाहीत तोच शेजारची लंकाबाई विस्तव मागायला आली, चुलीपुढं उभी राहिली आणि म्हणाली, "साळू, सुनंचा हात हलका हाय गं." ती विस्तव घेऊन गेली, पण त्यातला निखारा साळूबाईच्या पोटात राहिला.

तशी साळूबाई वाईट बाई नव्हती. वस्तीत कुणा बाळंतिणीची सुटका अडली, कुणाचं मढं उचलायचं झालं, तर पहिली हाक तिलाच. तोंड फटकळ, पण हात मदतीचा. शिक्षण म्हणाल तर मिशनच्या शाळेत दोन यत्ता, त्यातली दुसरी अर्धीच. पवित्र शास्त्र तिला वाचता येत नव्हतं, ऐकून ऐकून बरंच पाठ होतं. आणि जे पाठ होतं ते तिला आपलंच वाटायचं, घरच्या पाट्यावरवंट्यासारखं.

वस्ती टाकळखेड्याच्या बाहेर, नेवाशापासून दोन कोसांवर, प्रवरेच्या अल्याड. पंधरा घरं, सगळी ख्रिस्ती. मधोमध देऊळ. दगडी भिंती, वर पत्रा, पत्र्यावर लाकडाचा क्रूस, आणि पश्चिमेला एकच दार. दाराला काळ्या दगडाची एकच पायरी. पायरीपासून वीस पावलांवर सगळ्या वस्तीचं मिळून एक खळं. शिमग्याच्या सुमाराला शाळूची कणसं खळ्यावर येऊन पडायची आणि दर दोन-तीन वर्षांनी नेमकं तेव्हाच नदीपलीकडून आभाळ उठायचं. गारा घेऊनच यायचं. वर्षाची भाकरी तिथं उघड्यावर पडलेली असायची.

अशा वेळी वस्तीतली सगळ्यांत वडील बाई देवळाच्या दारात उभी राहायची. ही चाल साळूबाईच्या सासूनं, रतनबाईनं पाडलेली. तिच्या तरुणपणी पाद्र्यानं गोष्ट सांगितली होती. समुद्रात वादळ उठलं, होडीत पाणी भरलं, चेले ओरडायला लागले, आणि प्रभू आपला मागच्या अंगाला उशीवर डोकं टेकून निजलेला. त्याला उठवलं. तो उठला आणि अंगावर आलेल्या कुत्र्याला दटावावं तसं त्यानं वाऱ्याला दटावलं. वारा खाली बसला. बाकीच्या बाया गोष्ट ऐकून घरी गेल्या. रतनबाई जागची हलली नाही. ज्याचा शब्द समुद्र ऐकतो, त्याच्या नावानं टाकळखेड्याचं आभाळ का ऐकणार नाही, एवढंच तिचं म्हणणं. डावा हात चौकटीवर, उजवा तळवा आभाळाकडं, तोंडात प्रभूचं नाव आणि पुढं एक शब्द. गप.

पण एवढ्यानं भागत नव्हतं. वादळ बसलं की पडलेलं पाणी तांब्यात धरायचं, ते पायरीवर ओतायचं आणि म्हणायचं, तुझं तुला. रतनबाईनं सुनेला बजावून सांगितलं होतं. "उसनं आनल्यालं भांडं घासून परत द्यावं, तसं हाय हे. तो देव लई मत्सरी हाय, त्यानं सोताच तसं सांगून ठिवलंय. त्याचा मान दुसऱ्याच्या डोक्यावर त्याला खपत न्हाई."

रतनबाई गेली आणि दार साळूबाईकडं आलं. बावीस वर्षं तिनं ते सांभाळलं. वादळ कधी जागीच बसलं, कधी नेवाशाकडं वळलं, कधी व्हायचं ते नुकसान करूनच थांबलं. पण थांबलं एवढंच लोकांच्या ध्यानात राहायचं. पहिल्या पहिल्यांदा ती पाणी ओतायची. मग बाया पाया पडायला लागल्या आणि त्या गडबडीत एकदा ओतायचं राहून गेलं. काही झालं नाही. पुढच्या खेपेला तांब्या भरलेला हातात होता, ओरडून घसा कोरडा पडला होता. तिनं ते पाणी पिऊन टाकलं. गारेचं पाणी, गोड लागलं. तेव्हापासून ती पीतच आली.

एकाहत्तर सालच्या शिमग्यात आभाळ उठलं तेव्हा कणसं खळ्यावर गुडघाभर पडली होती. साळूबाई दारात उभी राहिली. तळवा वर केला, नाव घेतलं, शब्द टाकला. गार आली ती थेट तिच्या कपाळावर बसली. तिनं पुन्हा शब्द टाकला. पत्रा तडतडायला लागला. वस्ती मागं देवळात दाटीवाटीनं उभी होती आणि सगळ्यांचे डोळे आपल्या पाठीला चिकटलेत हे तिला कळत होतं.

तेवढ्यात खांद्यामागून हळू आवाज आला. सून होती. नगरच्या बोर्डिंगात सहावीपर्यंत शिकलेली, बोलणं बेताचं. तिनं हातही वर केला नव्हता. पदराआड हात जोडून ती नुसतं म्हणाली, "प्रभू, त्याला थांब म्हन."

थांबलं. रानात सगळीकडं मीठ पसरल्यासारख्या गारा, आणि त्या खळ्याच्या कडेपर्यंत येऊन सरळ रेषेत संपलेल्या. कणसं कोरडी. मनकर्णानं पागोळीखाली तांब्या धरला, पायरीवर ओतला आणि म्हणाली, "तुझं तुला." तिला ते नवऱ्यानं, शमुवेलनं, सांगितलं होतं. साळूबाईच्याच पोरानं.

"जुन्या दाराला नवी कडी बसली," लंकाबाई म्हणाली. चेष्टेनंच म्हणाली. सगळे हसले. साळूबाईही हसली, आणि घरी जाऊन सुनेनं घासलेली सगळी भांडी तिनं पुन्हा घासायला लावली.

त्या वर्षी साळूबाईला धड झोप नव्हती. कुणाचं वासरू आजारी पडलं, मनकर्णाला बोलवा. कुणाच्या पोराला ताप आला, मनकर्णानं दोन शब्द म्हणावेत. बोलवायला येणारी माणसं साळूबाईला विचारायची, "सून हाय का घरात?" असं विचारायची, जणू तिथं उखळाशेजारी आणखी एक उखळ बसलंय. मनकर्णा जायची, यायची, आल्यावर सासूचे पाय चेपायची. तेच जास्त झोंबायचं. ती उलटून बोलली असती तर साळूबाईला बरं वाटलं असतं. पोरीनं तेवढीही सोय ठेवली नव्हती.

देवळात साळूबाई गुडघे टेकायची. मागणं एकच असायचं. माझं मला दे.

बाहत्तरच्या शिमग्यात मनकर्णाला पाचवा महिना होता. शाळू त्या साली निम्माच पिकलेला, खळ्यावर जे होतं ते मोजकंच. दुपारी नदीपलीकडं आभाळ काळंनिळं झालं. साळूबाई हातातलं सूप टाकून देवळाकडं निघाली. वाटेत तिनं ऐकलं. कुणीतरी कुणाला तरी सांगत होतं, पळ, मनकर्णाला बोलव.

ती दारात उभी राहिली. डावा हात चौकटीवर. वारा सुटला, धुळीचा लोट खळ्यावरून सरकत आला. मागं वस्ती जमली. पण या वेळी डोळे पाठीला चिकटले नव्हते. ते तिच्या खांद्यावरून पलीकडं, वाटेकडं लागले होते. मग पोटावर पदर घेऊन, हातात रिकामा तांब्या घेऊन मनकर्णा वाटेवरून आली. माणसं बाजूला झाली, ती कडेनं दारातून आत शिरली आणि सासूच्या मागं, एक पाऊल सोडून, उभी राहिली. तिनं तोंड उघडलं.

साळूबाई वळली.

आभाळाकडं धरलेला तळवा सुनेच्या तोंडापुढं आला. प्रभूचं नाव या वेळी मध्ये आलं नाही.

"गप," साळूबाई म्हणाली.

वारा बसला नाही, तुटला. धूळ होती तिथं उभी राहिली आणि मग सरळ खाली पडली. आभाळ पाटीवरचं पुसावं तसं तिन्हीसांजेपर्यंत पुसलं गेलं. थेंब पडला नाही. तांब्या कोरडा, त्यामुळं ओतायचा प्रश्नच आला नाही. लोक साळूबाईच्या पाया पडले. मनकर्णाचं तोंड थोडा वेळ तसंच उघडं होतं. मग तिनं ते मिटलं आणि घरी जाऊन भाकरीचं पीठ मळायला घेतलं.

दोन दिवस सगळ्यांना वाटलं, रुसली. शमुवेलनं समजूत काढली, मग चिडला, मग रडकुंडीला आला. मनकर्णा त्याच्याकडं बघायची, ओठ हलवायची. आवाज नव्हता.

तिसऱ्या दिवशी लंकाबाई उफणायला तिवईवर चढली. पाटी डोक्यावर धरून धान्य सोडलं, तर भुसा दाण्यांबरोबर सरळ पायाशी. वारा नव्हता. आठ दिवस ती चढली आणि उतरली. नदीपलीकडं वावटळी उठताना दिसायच्या, आणि वस्तीतल्या लिंबाचं पान हलत नव्हतं. शेवटी बायांनी बसून सुपानं पाखडलं. वारा पडतो कधी कधी.

मग मृग कोरडा गेला. आर्द्रा कोरड्या गेल्या. पण तसा पावसाळा सगळ्याच मुलखात कोरडा गेला होता. पारनेरला पाणी नाही, बेलापूरला नाही, रेडिओवर दुष्काळाशिवाय बातमी नाही. एवढ्या मुलखाचं आभाळ आपल्या एका शब्दानं बंद व्हायला आपण कोण, असं साळूबाई स्वतःला समजवायची. समजवताना एक गोष्ट तिची तिलाच कळायची. त्या विचारात भीती होती, आणि भीतीच्या खाली थोडा आनंद होता.

आषाढात मनकर्णा बाळंत झाली. सुटका साळूबाईनंच केली. मुलगी. रंग चांगला, हातपाय झाडणारी. साळूबाईनं पाय धरून उलटी केली, पाठीवर थापटी मारली. पोरीनं तोंड उघडलं, चेहरा लाल केला, डोळ्यांतून पाणी काढलं. खोलीत आवाज आला नाही. लंकाबाई म्हणाली, लई गुणी लेकरू हाय. नाव ठेवलं रिबका.

हिवाळ्यात वस्ती दुष्काळी कामावर गेली. नेवाशाच्या रस्त्याला खडी फोडायची, खायला सुकडी मिळायची. शेदोनशे बाया उन्हात ओळीनं बसलेल्या, हातोड्यांचा खणखणाट कोसभर ऐकू यायचा. टाकळखेड्याची हमिदा मनकर्णाच्या शेजारी बसायची. तिचं तान्हं किरकिरं होतं. ते मनकर्णाजवळ निजवलं की लगेच शांत झोपतं, हे तिच्या ध्यानात आलं, म्हणून तिनं जागा धरून ठेवली होती. एका दुपारी ती लेकराला उचलून थेट ओळीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली. साळूबाईनं विचारलं, का गं, भांडलीस?

"न्हाई मावशी. तुमची सून सोनं हाय." हमिदा लेकराला थोपटत राहिली. मग खाली बघून बोलली. "लेकरू निजलं व्हतं. म्या कान लावला. श्वास ऐकू येईना. छाती हलत हुती, पन ऐकू येईना. हितं आनलं तवा आला."

साळूबाई सुनेजवळ गेली. मनकर्णानं हातोडी उचलली, मारली. दगड दुभंगला, कपच्या उडाल्या. आवाज झाला नाही. पुन्हा मारली. हातात दोन दोन काचेच्या बांगड्या होत्या, त्या मनगटावर खालीवर होत होत्या. त्यांचाही नाही. आजूबाजूला दोनशे हातोड्या वाजत होत्या, म्हणून इतके दिवस कुणाला कळलं नव्हतं.

मनकर्णानं वर पाहिलं आणि सासूला सावलीत बसायची खूण केली.

शमुवेलनं तिला नगरला दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं घसा पाहिला, काही बिघाड नाही म्हणाला. पंधरवड्यानं एकदा नेवाशाहून सायकलवर येणाऱ्या पाळकसाहेबांनीही घसाच विचारला. त्या रविवारी त्यांनी शास्त्रातला भाग वाचला तो एका संदेष्ट्याचा, ज्याच्या बोलण्यानं देवानं आभाळ मिटवलं, आणि पाऊस तर नाहीच, दहिवरही पडलं नाही. पाळकसाहेबांनी वाचून चष्मा काढला आणि म्हणाले, पण हे सामर्थ्य त्या माणसाचं नव्हतं. साळूबाई पहिल्या रांगेत बसली होती. उन्हाळा तोंडावर होता, तरी तिनं पदर अंगाभोवती ओढून घेतला.

सोमवारी दुपारी, सगळे खडीवर असताना, ती एकटी देवळात गेली. नदीच्या पात्रात झिरा खणून वाटी वाटीनं भरलेलं पाणी होतं, त्यातलं अर्धा तांब्या घेतलं. पायरीवर ओतलं. "तुझं तुला," म्हणाली, आणि म्हणताना मागं वळून पाहिलं, कुणी ऐकलं तर नाही ना. दगडानं पाणी पिऊन टाकलं. घरी आली तर मनकर्णा भाकऱ्या थापत होती. थाप पडत होती, आवाज नव्हता.

त्र्याहत्तरचा मृग लागला आणि तोही चार दिवस कोरडा गेला. लिंबानं पानं टाकली. रविवारी उपासना संपल्यावर लोक बाहेर पडले आणि देवळाच्या सावलीत जमिनीवर टेकले. उठून घरी जाण्यासारखं घरी काही नव्हतं. रिबका अकरा महिन्यांची झाली होती. आईच्या मांडीवरून उतरून ती दाराकडं रांगत गेली. साळूबाईनं पोरीच्या तोंडाकडं पाहिलं. दात येत होते, लेकरू दुखण्यानं रडत होतं, आणि कुणी वळूनही बघत नव्हतं, कारण कळायला काही मार्गच नव्हता.

साळूबाई उठली. तांब्या घेतला. पायरीपुढं जाऊन उभी राहिली.

"ऐका," ती म्हणाली. "मनकर्णाला म्या गप केलं. ह्याच दारात. तिचं नाव झालं ते मला बघवलं न्हाई." सगळे मान वर करून बघायला लागले. शमुवेल उभा राहिला. "वादळं माझ्यानं थांबत नव्हती. कुनाची थांबत हुती ते तुमाला ठावं हाय. म्या नुसती पानी पीत आले."

तिनं पाणी ओतलं. "तुझं तुला."

या वेळी तिनं मागं पाहिलं नाही.

छुन्न असं काहीतरी वाजलं. इतकं बारीक, की कुणाला कळलं नाही कुठून आलं. मनकर्णानं घाबरून हात छातीशी धरला. तिच्या बांगड्या होत्या.

मग लिंबाची एक काडी हलली.

पश्चिमेकडून आलेला तो वारा पहिल्यांदा ओला नव्हता. मग झाला. पत्र्यावर एक थेंब वाजला, चार वाजले, आणि मग मोजायला सवड राहिली नाही. माणसं दारातून आत घुसली, काही बाहेरच भिजत उभी राहिली. लंकाबाई तोंड वर करून पाणी पीत होती. सव्वा वर्षानं मनकर्णाचा आवाज आला, घोगरा, गंजलेल्या बिजागरीसारखा.

"आत्याबाई, पोर भिजंल."

रिबका दारात होती. उभी. पहिल्यांदाच उभी राहिली होती. लेकरं धरतात तशी तिनं डाव्या हातानं चौकट धरली होती. उजवा हात पावसाकडं उचललेला, बोटं ताठ, तळवा उघडा.

पाऊस थांबला.

कमी होत होत नाही. थांबला. रानात पाणी चमकत होतं आणि वर आभाळ भरलेलं तसंच उभं होतं.

मग माणसांच्या माना हळूहळू वळल्या. पोरीकडून साळूबाईकडं. बाहत्तरच्या शिमग्यानंतर असं कुणी तिच्याकडं पाहिलं नव्हतं.

"साळू," लंकाबाई पुटपुटली, "हुबेहूब तुजा हात."

साळूबाईच्या हातातला तांब्या पावसानं काठोकाठ भरला होता. शेजारी मनकर्णा उभी होती.

"आत्याबाई, ओता. म्हना लवकर."

साळूबाईला पायरी दिसत होती. एक पाऊल फक्त. काय म्हणायचं ते तिला ठाऊक होतं, आताच तर म्हणून झालं होतं. पण एवढ्या माणसांचे डोळे अंगावर ऊन पडावं तसे पडले होते, आणि छातीत काहीतरी जुनं, ओळखीचं, पाय पसरून बसत होतं.

"माझी नात हाय," ती म्हणाली. "माझ्या घरचा हात हाय त्यो."

तिनं तांब्या तोंडाला लावला. पाणी गोड लागलं.

पत्र्याच्या कडेला पागोळीचा एक थेंब लोंबत होता. तो पडायची सगळे वाट बघत होते. तो पडत नव्हता.

मनकर्णानं पुढं होऊन सासूचा हात धरायला हात टाकला. तिच्या मनगटावरच्या बांगड्या एकमेकींवर आपटल्या. साळूबाईला त्या आपटलेल्या नुसत्या दिसल्या.